शांततेच्या काळातलं मानसिक युद्ध: सही कोणाची, हिशेब कोणाकडे?

दोन देशांत युद्ध जाहीर झालेलं नाही. वकिलाती उघड्या आहेत, व्यापार सुरू आहे, मंत्री एकमेकांना भेटताहेत. तरीही एक सरकार दुसऱ्या देशातल्या लोकांचं मत वळवण्यासाठी रेडिओ चालवतं, फुग्यांना बांधून पत्रकं सोडतं, मासिकांना आडून पैसे पुरवतं. हल्ली समाजमाध्यमांवर खोट्या नावांची खातीही उघडतं. युद्ध सुरू असताना या कामाचा मालक ठरलेला असतो: त्या रणभूमीचा सेनापती. शांततेत तो कोण? परराष्ट्र खातं, लष्कर, गुप्तचर संस्था की थेट राष्ट्राध्यक्ष? कोणी मंजुरी द्यायची, कोणी ‘नको’ म्हणायचं आणि काम फसलं तर जाब कोणाला विचारायचा?

या प्रश्नांची सगळ्यात तपशीलवार उत्तरं अमेरिकेच्या कागदपत्रांत सापडतात. इतर देशांनी हे उद्योग कमी केले असं नाही. पण अमेरिकेत जुनी कागदपत्रं खुली झाली, १९७५-७६ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेटच्या ‘चर्च समिती’नं आतले व्यवहार तपासले आणि त्यामुळे यंत्रणा कशी बांधली, कुठे मोडली, हे बाहेरच्यांना पाहता आलं. ब्रिटनचा अनुभव याच्या उलट आहे. तिथल्या परराष्ट्र खात्यानं १९४८ मध्ये ‘इन्फर्मेशन रिसर्च डिपार्टमेंट’ नावाचा साम्यवादविरोधी प्रचाराचा विभाग सुरू केला. तो १९७७ मध्ये बंद झाला आणि त्याचं खरं काम ब्रिटिश जनतेला वर्तमानपत्रातून कळलं ते त्यानंतर, १९७८ मध्ये.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रचाराचे तीन प्रकार मानतात. ‘पांढरा’ म्हणजे बोलणारा कोण हे उघड असलेला. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ हा रेडिओ या प्रकारातला. ‘करडा’ म्हणजे स्रोत लपवलेला किंवा धूसर ठेवलेला. ‘काळा’ म्हणजे खोट्या नावानं केलेला, जणू शत्रूच्याच गोटातला कोणी बोलतोय असं भासवणारा. मजकूर खरा की खोटा यावर हे रंग ठरत नाहीत. काळ्या प्रचारातली माहिती शंभर टक्के खरी असू शकते. रंग ठरतो बोलणाऱ्याच्या ओळखीवर. देखरेखीच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. पांढऱ्या प्रचाराला खात्याची नेहमीची मंजुरी पुरते, कारण चूक झाली तर ती सरकारच्याच नावावर दिसते. ओळख लपवली की बाहेरून तपासणारा उरत नाही, आणि तिथे आतली सही अधिक वरची, अधिक काटेकोर हवी. प्रत्यक्षात अनेक वर्षं उलटं घडलं.

पहिली वाटणी: १९४७

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेनं युद्धकाळातली प्रचारयंत्रणा बरीचशी मोडीत काढली. दोन वर्षांत इटली आणि फ्रान्समध्ये साम्यवादी पक्ष सत्तेच्या जवळ पोचल्याची भीती वॉशिंग्टनमध्ये पसरली. नव्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनं डिसेंबर १९४७ मध्ये दोन आदेश काढले. पहिला, क्रमांक ४: परदेशी जनतेपर्यंत उघड माहिती पोचवण्याच्या कामात परराष्ट्र खात्यानं समन्वय राखावा. दुसरा, ४-अ, गुप्त: छुपं मानसिक युद्ध सीआयएच्या संचालकांनी चालवावं.

छुपं काम आधी परराष्ट्र खात्याकडेच देण्याचं घाटत होतं. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ते नाकारलं. युरोपच्या आर्थिक उभारणीची योजना त्यांच्या नावानं चालली होती. त्याच खात्याचा हात छुप्या प्रचारात सापडला असता तर त्या योजनेवरचा विश्वास उडाला असता. सीआयएची निवड होण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण होतं: तिच्याकडे पावती न दाखवता खर्च करता येणारा निधी होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून जबाबदारी कोणाकडे जाणार, हे काही अंशी ‘हिशेब कुठे विचारला जात नाही’ यावर ठरलं. या विषयातल्या पुढच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला या निर्णयात दिसतं.

एप्रिल १९४८ च्या इटलीच्या निवडणुकीत साम्यवादी आघाडी हरली आणि छुप्या उपायांवरचा भरवसा वाढला. १८ जून १९४८ रोजी आदेश १०/२ निघाला. आता फक्त प्रचार नाही. आर्थिक युद्ध, घातपात, भूमिगत प्रतिकार गटांना मदत, हे सगळं ‘छुपी कारवाई’ या एका छत्राखाली आलं. अट एकच: काम असं करा की उघडकीला आलं तरी सरकारला पटण्याजोगा नकार देता यावा.

हे करण्यासाठी जे कार्यालय बनलं त्याची रचना विचित्र होती. ‘ऑफिस ऑफ पॉलिसी कोऑर्डिनेशन’ असं नाव. प्रमुख फ्रँक विझनर. पैसा आणि जागा सीआयएची, प्रमुखाची निवड परराष्ट्रमंत्र्यांची, धोरणाचं मार्गदर्शन परराष्ट्र आणि संरक्षण या दोन्ही खात्यांचं. सीआयएच्या संचालकाला आपल्याच छपराखाली चाललेल्या कामावर खरा ताबा नव्हता. १९४९ मध्ये या कार्यालयात ३०२ माणसं होती, १९५२ मध्ये २,८१२. शिवाय परदेशात कंत्राटी ३,१४२. खर्च ४७ लाख डॉलरवरून ८ कोटी २० लाखांवर गेला. परदेशी ठाणी ७ वरून ४७. तीन वर्षांत एवढी वाढ होताना प्रत्येक प्रकल्पाची छाननी करणारी यंत्रणा त्या प्रमाणात वाढली नाही. मार्गदर्शन करणारे दोन्ही खात्यांचे प्रतिनिधी सल्ला देत. आज्ञा देत नव्हते. ऑक्टोबर १९५० मध्ये जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ सीआयएचे संचालक झाले आणि त्यांनी हे कार्यालय आपल्या हुकमाखाली आणलं.

मंडळ होतं, पण हातात काही नव्हतं

कोरियात युद्ध पेटलं होतं. प्रचार चार-पाच खात्यांत विखुरलेला होता. ४ एप्रिल १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ‘सायकॉलॉजिकल स्ट्रॅटेजी बोर्ड’ स्थापन केलं. सभासद तीन: परराष्ट्र खात्याचे उपमंत्री, संरक्षण खात्याचे उपमंत्री आणि सीआयएचे संचालक. सैन्यदलांचा प्रतिनिधी सल्लागार म्हणून बसे. पूर्णवेळ संचालक गॉर्डन ग्रे, माजी लष्करमंत्री. मंडळानं देशाची मानसिक युद्धाची उद्दिष्टं ठरवायची, कार्यक्रम आखायचे, खात्यांत मेळ घालायचा आणि परिणाम मोजायचा. प्रत्यक्ष काम मात्र खात्यांनीच करायचं.

कागदावर हे उत्तम दिसतं. जमिनीवर तीन गोष्टी आडव्या आल्या.

पहिली, पैसा. प्रत्येक खात्याचं अंदाजपत्रक काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, त्या-त्या खात्याला मिळत होतं. मंडळानं कितीही सुंदर योजना पाठवली तरी ती राबवायची की कपाटात ठेवायची, हे खातं ठरवत असे. दुसरी, धोरण. परराष्ट्र खात्यातल्या धोरण आखणाऱ्यांची, विशेषतः पॉल नित्झ यांची भूमिका स्पष्ट होती: धोरण आम्ही ठरवू, तुम्ही ते रेडिओवर सांगा. मंडळाच्या लोकांना वाटत होतं की धोरण ठरताना ‘याचा लोकांच्या मनावर काय परिणाम होईल’ हे आपण सांगायला हवं. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि आदेशाच्या मजकुरात हा वाद सोडवणारं एकही वाक्य नव्हतं. तिसरी, सभासद. तिघंही आपापल्या खात्यातले क्रमांक एक किंवा दोनचे अधिकारी. आपल्याच खात्याला न आवडणारा निर्णय ते मंडळात कशाला घेतील? त्यामुळे सर्वसंमतीनं पास होणारे ठराव कोणालाच न दुखावणारे, म्हणून कोणालाच न बांधणारे झाले. दीड वर्षात तीन संचालक झाले: ग्रे, रेमंड अ‍ॅलन आणि अ‍ॅडमिरल अ‍ॅलन कर्क.

याची परीक्षा मार्च १९५३ मध्ये झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर काय करायचं याचा कार्यक्रम मंडळानं नोव्हेंबर १९५२ मध्येच लिहून ठेवला होता. ५ मार्चला स्टालिन गेला. नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मंत्रिमंडळात तक्रार केली की इतकी वर्षं तज्ज्ञ या क्षणाबद्दल बोलताहेत, पण सरकारच्या फायली उलट्यापालट्या केल्या तरी कामाची योजना सापडत नाही. कागद होता, मग असं का? तयारीची यादी त्यात होती, पण अमेरिकेला त्या क्षणी नेमकं काय हवंय, सोव्हिएत नेतृत्वात फूट की नव्या नेत्यांशी बोलणी, यावर खात्यांचं एकमत नव्हतं. राष्ट्राध्यक्षांचे मानसिक युद्धाचे सल्लागार सी. डी. जॅक्सन यांना ताबडतोब मोठं भाषण आणि चार राष्ट्रांच्या बैठकीचा प्रस्ताव हवा होता. परराष्ट्र खात्याला भीती होती की अशा बैठकीमुळे पश्चिम युरोपच्या सामायिक सैन्याची योजना अडेल. भाषण झालं ते १६ एप्रिलला, सहा आठवड्यांनी. भाषण चांगलं होतं. ‘प्रावदा’नं ते पूर्ण छापलंसुद्धा. पण धक्क्याचा क्षण निघून गेला होता.

धोरण ठरलेलं नसताना प्रचाराची योजना लिहिली की असंच होतं. नेमणूक चुकीच्या माणसाची झाली म्हणून हे घडलं नाही; ग्रे आणि कर्क दोघंही तालेवार होते.

जून १९५३ च्या अखेरीस विल्यम जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं अहवाल दिला. तिचं मुख्य निदान मला आजही या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: मानसिक परिणाम हे धोरणापासून वेगळं असं हत्यार नाही, सरकारच्या प्रत्येक राजनैतिक, आर्थिक, लष्करी कृतीचा मनावर परिणाम होतच असतो. म्हणून वेगळं मंडळ ठेवण्यात अर्थ नाही. २ सप्टेंबर १९५३ च्या आदेशानं त्याजागी ‘ऑपरेशन्स कोऑर्डिनेटिंग बोर्ड’ आलं. मंजूर झालेलं धोरण खात्यांकडून अमलात येतंय का, हे पाहणं त्याचं काम. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री अध्यक्ष, दर बुधवारी दुपारच्या जेवणाला बैठक. फेब्रुवारी १९६१ मध्ये केनेडींनी तेही गुंडाळलं.

पंचावन्न लाख पुडे आणि एक न थांबवलेला रेडिओ

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू.

१७ जून १९५३ ला पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. १० जुलैला आयझेनहॉवर यांनी दीड कोटी डॉलरचं अन्न देऊ केलं. मॉस्कोनं नकार दिला. तोही अपेक्षित होता. मग पश्चिम बर्लिनमध्ये केंद्रं उघडून पूर्वेकडून येणाऱ्या कोणालाही पुडा द्यायला सुरुवात झाली. आत चरबी, पीठ, वाळवलेली कडधान्यं, डब्याचं दूध. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ५५ लाख पुडे गेले. पूर्व जर्मन सरकारनं त्यांना ‘भिकेचे पुडे’ म्हटलं, बर्लिनची रेल्वे तिकिटं बंद केली, घेणाऱ्यांची ओळखपत्रं जप्त केली. इथे प्रचाराचा मजकूर लिहावाच लागला नाही. रांगा हाच मजकूर होता. कृती उघड होती, तिच्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव होतं, आणि धोका वाढतोय असं मित्रदेश सांगू लागल्यावर ती थांबवताही आली. थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे स्पष्ट होतं.

आता हंगेरी. ‘रेडिओ फ्री युरोप’ ४ जुलै १९५० पासून पूर्व युरोपात बोलत होता. वरकरणी ती खासगी अमेरिकी नागरिकांची संस्था, पैसा सीआयएचा; करड्या प्रकारातलं ठळक उदाहरण. म्युनिकमध्ये प्रत्येक देशाचा वेगळा विभाग होता आणि कार्यक्रम त्या-त्या देशातून निर्वासित झालेले पत्रकार लिहीत. वरून धोरणाच्या सूचना येत, पण संहिता प्रसारणाआधी तपासली जात नसे. नंतर सारांश पाहिला जाई. व्यवस्थापनातल्या फार थोड्या अमेरिकनांना हंगेरियन येत होती.

२३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टमध्ये क्रांती सुरू झाली. अमेरिकेनं सैन्य पाठवण्याचा निर्णय कधीच घेतलेला नव्हता. २७ तारखेला परराष्ट्रमंत्री डलेस यांनी भाषणात सांगितलंही की या देशांकडे आम्ही संभाव्य लष्करी मित्र म्हणून पाहत नाही. पण म्युनिकहून काही कार्यक्रमांत बंडखोरांना लढण्याच्या युक्त्या सांगितल्या गेल्या. ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले त्या दिवशी, लंडनच्या एका वर्तमानपत्राचा हवाला देऊन असा मजकूर वाचला गेला की ऐकणाऱ्याला मदत येतेय असंच वाटावं. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले, दोन लाखांच्या आसपास देश सोडून गेले.

नंतरच्या अंतर्गत तपासणीत धोरणभंग झाल्याचं मान्य झालं. बहुतांश कार्यक्रम सूचनांना धरून होते, हेही त्याच तपासणीत निघालं, आणि या कामाचा सगळ्यात कडू धडा त्यातच आहे. शेकडो कार्यक्रमांतले मोजके चुकले तरी माणसं मरतात, कारण ऐकणारा त्या मोजक्यांवर आपला जीव पणाला लावतो. प्रसारणानंतरचा अहवाल ही नोंद असते, देखरेख नसते. संकटाच्या आठवड्यात संहिता आधी वाचणारा, भाषा जाणणारा आणि ‘हे जाऊ देऊ नका’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस खोलीत असावा लागतो. १९५६ नंतर रेडिओची तपासणी कडक झाली.

मोजणीचीही हीच अडचण. १९५१ ते १९५६ या काळात फुग्यांतून सुमारे ३० कोटी पत्रकं पूर्व युरोपात सोडली गेली. पत्रकं मोजता येतात, वाचणारे मोजता येत नाहीत. पळून आलेल्या निर्वासितांना विचारून अंदाज बांधला जाई. पण जो राजवटीवर चिडून पळाला तो घरी राहिलेल्यांचा नमुना कसा होईल? अहवालात मोठे आकडे येतात, अंदाजपत्रक वाढतं, परिणामाचा प्रश्न तसाच राहतो. चेकोस्लोव्हाकियानं या फुग्यांमुळे विमानांना धोका आहे असा निषेध नोंदवला तेव्हा कुठे त्यांच्या उपयोगाची चर्चा गांभीर्यानं सुरू झाली.

शंभरातले चौदा

मंजुरीची साखळी दरम्यान बदलत राहिली. डिसेंबर १९५५ च्या आदेश ५४१२/२ नं परराष्ट्र खातं, संरक्षण खातं आणि राष्ट्राध्यक्ष यांचे प्रतिनिधी एकत्र बसून छुप्या कारवाया तपासतील असं ठरवलं. हा ‘स्पेशल ग्रुप’. १९६४ मध्ये त्याचं नाव एका पुस्तकातून फुटलं म्हणून ते ‘३०३ समिती’ झालं, १९७० मध्ये ‘४० समिती’.

ही समिती नावापुरती नव्हती. ती सीआयएच्या प्रस्तावांना प्रश्न विचारी, बदल सुचवी, कधी थेट नाकारी. परराष्ट्र खात्याच्या हरकतीमुळे काही कामं रद्द झाली. पण चर्च समितीनं काढलेला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: १९६१ पासूनच्या काही हजार प्रकल्पांपैकी फक्त १४ टक्के प्रकल्प या समितीपुढे एकेक करून आले. उरलेले कमी खर्चाचे, कमी धोक्याचे म्हणून आतल्या आतच मंजूर झाले. १९६३ च्या सुमारास २५,००० डॉलर ही खर्चाची रेघ धरली होती. मानसिक युद्धाच्या बाबतीत अशी रेघ फसवी असते. बंदुकांचा साठा महाग असतो, तो आपोआप वरच्या टेबलावर जातो. वर्तमानपत्रातला एक पेरलेला लेख अगदी थोड्या पैशांत होतो आणि त्याचे पडसाद वीस वर्षं उमटतात. पैशावरून धोका मोजणारी चाळणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दूर पसरणारी गोष्ट अडवतच नाही.

१९७० नंतर ४० समितीच्या बैठकाही विरळ झाल्या, अनेक मंजुऱ्या फोनवर घेतल्या गेल्या. आणि १५ सप्टेंबर १९७० ला निक्सन यांनी चिलीत समाजवादी नेते साल्वादोर अ‍ॅयेंदे यांना सत्तेवर येऊ न देण्याचा हुकूम सीआयएला थेट दिला, तेव्हा समितीला बाजूलाच ठेवलं. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर चालणारी समिती राष्ट्राध्यक्षांना अडवू शकत नाही. बाहेरचा तपासनीस लागतो.

मुंबईपर्यंत आलेला धागा

१९५० मध्ये बर्लिनला ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही लेखक-विचारवंतांची संस्था उभी राहिली. मार्च १९५१ मध्ये तिची भारतीय परिषद मुंबईत भरली. मिनू मसानी तिच्या पुढाकारात होते. १९५५ पासून मुंबईहून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागलं, पहिले संपादक निस्सिम इझिकेल. चांगलं, चोखंदळ नियतकालिक होतं ते. १९६६-६७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून उघड झालं की मूळ संस्थेचा पैसा सीआयएकडून येत होता. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. मानद अध्यक्षांत ज्यांचं नाव होतं त्या जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांची झालेली पंचाईत कल्पनेनं समजण्यासारखी आहे.

मंजुरी देताना ही किंमत कधीच धरली गेली नव्हती. प्रस्तावात ‘उघड झालं तर अमेरिकेचं काय’ हा रकाना असे. ‘उघड झालं तर ज्यांना न सांगता वापरलं त्यांचं काय’ हा नसे. मतं त्यांची स्वतःची होती, तरी पुढची कित्येक वर्षं त्यांना ते सिद्ध करत बसावं लागलं.

फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकी विद्यार्थी संघटनेलाही सीआयएचा पैसा मिळत असल्याचं ‘रॅम्पार्ट्स’ मासिकानं छापल्यावर जॉन्सन यांनी कॅट्झेनबाख समिती नेमली. तिनं मार्चमध्ये शिफारस केली की कुठल्याही सरकारी संस्थेनं देशातल्या शैक्षणिक आणि स्वयंसेवी संस्थांना छुपा पैसा देऊ नये. राष्ट्राध्यक्षांनी ती मानली. पण मुदत संपण्याआधी रेडिओ फ्री युरोपसारख्यांना पुढच्या काळाचा पैसा आगाऊ देऊन टाकला गेला. तो रेडिओ काँग्रेसच्या उघड अनुदानावर आला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. उघडपणे पैसा मिळू लागल्यावरही लोकांनी तो ऐकणं सोडलं नाही, हे नोंदवण्यासारखं आहे.

आज कागद कसा फिरतो

डिसेंबर १९७४ च्या ह्यूज-रायन दुरुस्तीनं पहिल्यांदा कायद्यात लिहिलं की राष्ट्राध्यक्षांनी स्वतः आवश्यक ठरवल्याशिवाय आणि काँग्रेसच्या समित्यांना कळवल्याशिवाय सीआयएच्या छुप्या कारवाईवर पैसा खर्च होणार नाही. ‘राष्ट्राध्यक्षांना माहीतच नव्हतं’ ही पळवाट यानं बंद झाली. इराण-काँट्रा प्रकरणानंतर (इराणला छुपेपणानं शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवला गेला होता) १९९१ च्या कायद्यानं ही अट आणखी आवळली.

आता साधारण क्रम असा. विभाग प्रस्ताव लिहितो: उद्देश, साधनं, खर्च, धोका, उघडकीला आलं तर काय. संस्थेचे वकील आणि अंतर्गत मंडळ तो तपासतात. मग राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या पातळीवर इतर खाती आणि न्याय खातं हरकती नोंदवतात. शेवटी राष्ट्राध्यक्षांची लेखी सही. तातडी असेल तर तोंडी निर्णय चालतो, पण ४८ तासांत तो कागदावर यावा लागतो. आधी केलेल्या कामाला मागाहून मंजुरी देता येत नाही. कोणत्या सरकारी संस्था भाग घेणार आणि बाहेरच्या कोणाला वापरणार का, हे लिहावं लागतं. सिनेट आणि प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समित्यांना कळवावं लागतं. अतिसंवेदनशील असेल तर किमान आठ नेत्यांना. कामात मोठा बदल झाला तर पुन्हा कळवावं लागतं. या समित्या नकाराधिकार वापरू शकत नाहीत, पण पुढच्या वर्षाचा पैसा त्यांच्या हातात असतो. अमेरिकेतलं राजकारण, जनमत, धोरण किंवा माध्यमं यांवर परिणाम घडवण्यासाठी छुपी कारवाई करता येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे.

ती शेवटची भिंत का लागते हे १९८० च्या दशकात दिसलं. मध्य अमेरिकेतल्या धोरणाला पाठिंबा मिळवण्यासाठी परराष्ट्र खात्यात ‘पब्लिक डिप्लोमसी’चं एक कार्यालय होतं. त्याच्या सल्लागारांनी लिहिलेले लेख दुसऱ्यांच्या नावानं अमेरिकी वर्तमानपत्रांत आले. सप्टेंबर १९८७ मध्ये काँग्रेसच्या महालेखापालांनी याला ‘निषिद्ध, छुपा प्रचार’ ठरवलं आणि त्याच वर्षी कार्यालय बंद झालं. गुप्तचर समितीनं नव्हे, हिशेब तपासणाऱ्यानं हे पकडलं. निधी कशासाठी दिला होता आणि कशावर खर्चला, एवढा कोरडा प्रश्न पुरला.

त्याच काळात एक छोटी यंत्रणा उत्तम चालली. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या वर्तमानपत्रात एक निनावी पत्र आलं: एड्सचा विषाणू अमेरिकी लष्करानं प्रयोगशाळेत बनवला. ती केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेची पेरणी होती आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ती बातमी जगभर फिरली. अशा गोष्टींच्या मागावर १९८१ पासून परराष्ट्र खात्याच्या नेतृत्वाखाली अनेक खात्यांचा एक कार्यगट होता. त्याचा नियम साधा: सिद्ध करता येईल तेवढंच छापायचं, आणि आपल्या नावानं छापायचं. माणसं थोडी होती, पण अहवाल उघड असल्यानं चूक केली तर लगेच पकडली जाईल हे त्यांना ठाऊक होतं. १९८७ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्या कथेपासून अंग काढून घेतलं. १९९२ मध्ये रशियन गुप्तचर प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी सोव्हिएत हात मान्य केला.

लष्कराचा वेगळा दरवाजा

वरचा सगळा कायदा ‘छुप्या कारवाई’ला लागू होतो. ‘पारंपरिक लष्करी कामं’ त्यातून वगळलेली आहेत, आणि गेल्या वीस वर्षांतले बहुतेक वाद इथून आलेत. लष्कराची स्वतःची पद्धत सात पायऱ्यांची आहे: नियोजन, ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांचा अभ्यास, एका उद्दिष्टासाठी संदेशांची मालिका, मजकुराची रचना, मंजुरी, निर्मिती आणि वाटप, शेवटी मूल्यमापन. पद्धत काटेकोर आहे. पण पाचव्या पायरीवरची सही सेनापतीची किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याची. राष्ट्राध्यक्षांची नाही, राजदूताचीही नाही.

२०१९ मध्ये काँग्रेसनं कायद्यात स्पष्ट केलं की इंटरनेटवरच्या लष्कराच्या गुप्त माहिती-मोहिमा ‘पारंपरिक लष्करी काम’ मानता येतील. त्याच वर्षी संरक्षण खात्याच्या एका आदेशानं चीन आणि रशियाशी असलेल्या स्पर्धेत सेनापतींना परराष्ट्र खात्याची संमती न घेता पुढे जाण्याची मोकळीक मिळाली. २०२० च्या वसंतात फिलिपिन्समध्ये खोट्या खात्यांमधून चिनी बनावटीच्या करोना लशीविरुद्ध प्रचार सुरू झाला. फिलिपिन्समधल्या लोकांना पुढे तीच लस सगळ्यात आधी मिळाली. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती, पण ती बंधनकारक नव्हती. रॉयटर्सनं जून २०२४ मध्ये हे छापलं तेव्हा किमान ३०० खाती सापडली. मोहीम २०२१ च्या मध्यापर्यंत चालली होती.

सात पायऱ्यांपैकी सगळ्या पार पडल्या असतील. पण ‘या माणसांनी आपलं ऐकलं तर त्यांचं काय होईल’ हा प्रश्न विचारून काम थांबवू शकणारा कोणी त्या साखळीत नव्हता. फिलिपिन्सच्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना तो प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही, कारण बोलणारा कोण आहे हे त्यांच्यापासून लपवलेलं होतं.